अनुसयेसाठी दोन मिनिटं

आमच्या कंपनीच्या बसमध्ये नवा माणूस चढला की त्याला आधी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक म्हणजे, मागच्या चाकावरच्या सीटची स्प्रिंग टोचते. दुसरी, रुमाल जवळ असू दे. पहिली गोष्ट त्याला बसताक्षणी पटते. दुसरी पटायला मोशी यावी लागते.

बस पुनावळ्याहून निघते आणि चिंचवड, भोसरी, मोशी करत चाकणला जाते. 'जाते' हे आपलं म्हणायचं. मोशीच्या पुढे ती उभी राहते आणि अधूनमधून चालते. ट्रेलर, टेम्पो, दुधाच्या गाड्या आणि आमच्यासारख्या पन्नास कंपन्यांच्या पन्नास बसेस एकमेकींना खेटून अशा उभ्या असतात, की शेजारच्या बसमधल्या माणसाच्या डब्यात आज कसली भाजी आहे ते वासावरून सांगता येतं. बाकीच्या बसेसमध्ये लोक या वेळात झोपतात, मोबाइल बघतात, नाहीतर रस्ता बांधणाऱ्याचा उद्धार करतात. आमच्या बसमध्ये नजमा मुजावर पुस्तक वाचते आणि बाकीचे रडतात.

हसू नका. आम्हाला याचा अभिमान आहे.

नजमा आमच्याकडे वायरिंगच्या लाइनवर काम करते. गाडीच्या पोटात रंगीबेरंगी वायरींचा जो जुडगा असतो, तो तिच्यासारख्या बायकांच्या बोटांतून तयार होतो. माहेर औशाकडचं. वडील मीरासाहेब यांचं एसटी स्टँडसमोर चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक स्टोव्ह आणि एक वर्तमानपत्र. गिऱ्हाइकांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना चष्मा नव्हता, म्हणून शाळेतून आल्यावर नजमा बाकड्यावर उभी राहून पेपर वाचून दाखवायची. मीरासाहेबांच्या लवकरच लक्षात आलं की पोरगी बाजारभाव वाचते तेव्हा माणसं चहा पिऊन उठतात, आणि निधनवार्ता वाचते तेव्हा दुसरा कप मागवतात. तेव्हापासून निधनवार्ता शेवटी वाचायची, असा हॉटेलचा नियम झाला.

लग्न होऊन ती पुनावळ्याला आली. नवरा नुमान. त्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. माणूस दिलदार, फक्त बोलण्याला ब्रेक नाही. नजमानं चिंचवडच्या वाचनालयात नाव घातलं त्या दिवसाची गोष्ट तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. तिथल्या माणसानं विचारलं, "कसलं पुस्तक हवंय?" नजमा म्हणाली, "रडायचं." त्या माणसानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि स्पर्धा परीक्षांच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

पुस्तक पारखायची तिची रीत स्वयंपाकघरातली आहे. एका हातानं भाकरी थापायची, समोर डब्याला टेकवून पुस्तक उभं करायचं. तव्यावरची भाकरी करपली तर पुस्तक पास. भाकरी चांगली झाली तर दुसऱ्या दिवशी पुस्तक परत. नुमान म्हणतो, "भाऊ, आमच्या घरात मराठी साहित्याला बरे दिवस आले की माझे वाईट दिवस येतात. मागच्या महिन्यात लागोपाठ तीन पुस्तकं पास झाली. मी वडापाववर जगलो."

पण बसमध्ये वाचन सुरू झालं ते नजमामुळे नाही, सरूबाईमुळे. सरूबाई आमच्या कँटीनमध्ये काम करते. मूळची आयटी पार्कला लागून असलेल्या माण गावची. गावात आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात, पण सरूबाईच्या बोलण्याला अजून कुणी काच बसवलेली नाही. नजमा तेव्हा खिडकीशी बसून मनातल्या मनात वाचायची. एका सकाळी सरूबाईनं शेजारी पाहिलं, तर ही बया पदरानं डोळे टिपतेय.

"कोण गेलं गं?"

"कुणी न्हाई मावशी. पुस्तकातली हाय एक."

"पुस्तकातली तर पुस्तकातली. गेली न्हवं?"

"गेली."

"मग येकटीच का रडतीस? आमच्यात येकटीनं रडायची पद्धत न्हाई. मोठ्यानं वाच. आमी हाय की."

झालं. गावात कुणाच्या घरी वाईट झालं की आळीतल्या बाया कामं टाकून जाऊन बसतात. तिथं जो तो आपापलं माणूस आठवून रडतो आणि ज्याचं गेलंय त्याचं ओझं हलकं होतं. सरूबाईनं ही जुनी रीत कंपनीच्या बसमध्ये आणून बसवली. सरूबाईचा एकुलता एक मुलगा टॉवरमध्ये राहायला गेलाय. आई भेटायला गेली की खालचा वॉचमन तिला रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावतो. यावर तिनं कधी चकार शब्द काढला नाही. पण पुस्तकातल्या एखाद्या आईचं दार पोरानं वाजवायचं राहून गेलं, की सरूबाई असं रडते की ड्रायव्हर गणराजला आरसा पुसावा लागतो. आरशावर काहीच नसतं. पुसायचं दुसरंच असतं.

आम्ही पुरुष पुढच्या सीटवर डोळे मिटून बसतो. डोळे मिटले की पाणी आतच राहतं, असा आमचा समज आहे.

आणि नजमा? नजमा वाचताना रडत नाही. एकदा कुणीतरी विचारलं, तर म्हणाली, "मी घरीच रडून येते. आधी दोनदा वाचते, सगळं रडून घेते आन् कोरडी होऊन बसमंदी चढते. खांदा देणाराच लटपटला तर कसं चालंल?" बोलताना ती अशी औशाची असते. पण पुस्तक उघडलं की आवाज एकदम उतरतो, संथ होतो, आणि पुस्तकातलं प्रत्येक माणूस आपापल्या आवाजात बोलायला लागतं. ती घाई करत नाही. जिथं आपल्याला वाटतं की आता वाच की गं पुढे, नेमकी तिथं ती पान उलटायला वेळ लावते. मागून आठ-दहा बायका एकदम म्हणतात, "अगं उलट!"

त्या दिवसांत पुस्तक चालू होतं अनुसयेचं. अनुसया म्हणजे सवतीच्या पोराला पोटच्या पोरासारखी वाढवणारी एक बाई. पोरगा मोठा होऊन दूर निघून जातो, आणि आजारी पडलेली अनुसया त्याची वाट बघत राहते. सारी बस त्या बाईच्या मागं वेडी झाली होती. लाइनवर काम करताना बायका एकमेकींना विचारायच्या, "पोरगा येईल का गं?" नजमाला पुढचं माहीत असायचं, पण ती ओठ शिवल्यासारखी गप्प.

एका गुरुवारी सकाळी, कंपनीचं गेट दिसत असताना, अनुसया गेली.

गेटवर सिक्युरिटीचा ज्योतीराम उभा होता. ओळखपत्रं बघायला तो बसमध्ये चढला आणि पायरीवरच थबकला. बसभर हुंदके. पदर, ओढण्या, रुमाल, एकीनं तर हातमोजाच डोळ्यांना लावलेला.

"काय झालं मावशी?"

सरूबाईनं डोळ्यांवरचा पदर न काढताच सांगितलं, "अनुसया गेली रे जोतीराम! लेकरू येस्तवर जीव धरला न्हाई बाईनं!"

ज्योतीरामनं टोपी काढली. भला माणूस. पुढं एक शब्द विचारला नाही. अशा वेळी जास्त विचारू नये, हे त्याला घरून शिकवलेलं होतं. त्यानं थेट आत फोन लावला.

आता आपल्यात एक पद्धत आहे. गेलेल्या माणसाला 'मी ओळखत नाही' असं कुणी म्हणत नाही. फोनवरून बातमी सुपरवायझरकडे गेली. तो म्हणाला, "अरेरे, अनुसया म्हणजे ती उंचशी?" तिथून ती पेंटशॉपला पोचली. तिथं एकाला आठवलं की दिवाळीत तिनं त्याला चकली दिली होती. आमच्या स्टोअरपर्यंत येता येता ती स्वभावानं फार चांगली, कुणाच्या अध्यात ना मध्यात, अशी झाली होती. आमच्या शेजारच्या टेबलावरचा एकजण तर म्हणाला, "कालच म्हणत होती, बरं वाटत नाही."

आमच्याकडे शिफ्ट सुरू होण्याआधी सगळे एकत्र उभे राहतात. सुरक्षेची शपथ होते, कालच्या चुका वाचून दाखवतात, मग काम. त्या दिवशी प्लांटहेड साहेब स्वतः पुढं आले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "आपल्या सहकारी अनुसयाताई यांचं दुःखद निधन झालं आहे. आपण दोन मिनिटं शांत उभे राहू."

मी नजमाकडे पाहिलं. तिनं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तोवर शांतता सुरू झाली होती, आणि शांततेत बोलायचं कसं? सारा प्लांट माना खाली घालून उभा. मशीन बंद. फोर्कलिफ्टवाल्यानं गाडीवरून उतरून टोपी छातीशी धरलेली. आमच्या बसमधल्या बायकांना पुन्हा भरून आलं, आणि ते पाहून ज्यांनी अनुसयेचं नावही ऐकलं नव्हतं त्यांनाही भरून आलं. कँटीनमधले त्या दिवशीचे गुलाबजाम रद्द झाले.

खरं बाहेर आलं ते जेवणाच्या सुट्टीनंतर. एचआरच्या मोनिका मॅडम मनानं चांगल्या. घरच्यांना भेटायला जायचं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर अनुसयेचा पत्ता शोधला. अनुसया सापडेना. मग कामगार पुरवणाऱ्या ठेकेदारांना फोन केले. सगळ्या ठेकेदारांनी, कोण कशानं गेली हेसुद्धा न विचारता, एका सुरात सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे नव्हतीच ती." शेवटी त्या कँटीनमध्ये सरूबाईपाशी गेल्या.

"मावशी, अनुसयाताईंचं घर कुठं होतं?"

"नदीच्या काठाला, म्याडम."

"कुठल्या नदीच्या?"

सरूबाईनं हातातला डाव खाली ठेवला. "ते इचारलं न्हाई बगा मी. पुस्तकात आसंल."

कारखान्यात काहीही बिघडलं की आम्ही 'का?' असं पाच वेळा विचारतो. उत्तराच्या पोटातून पुढचं 'का' काढायचं आणि पाचव्याला मूळ कारण हाती येतं, असं आम्हाला शिकवलंय. क्वालिटीचा रविराज यात तरबेज. त्यानं संध्याकाळी फळ्यावर मांडणी केली. काम उशिरा का सुरू झालं? श्रद्धांजलीमुळे. श्रद्धांजली का? निधनाच्या बातमीमुळे. बातमी का? बसमधल्या बायका रडत होत्या म्हणून. का रडत होत्या? पुस्तक ऐकत होत्या म्हणून. ऐकून रडू का आलं? इथं रविराजनं बराच वेळ खडू हातात धरला, आणि मग प्रामाणिकपणे लिहिलं: 'पुस्तक चांगलं आहे.'

मूळ कारण सापडलं की उपाय करावाच लागतो. उपाय ठरला: बसमधलं वाचन बंद. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नजमानं सगळ्यांसमोर खुलासा करून माफी मागायची.

संध्याकाळी बस परत निघाली. ट्रॅफिक तेच, पण रस्ता दुप्पट लांब झाला होता. नजमा पुस्तक मांडीवर पालथं ठेवून बसली होती. पुस्तक निम्मं राहिलं होतं.

सरूबाई म्हणाली, "आता बाईच गेली, तर ऱ्हायलंय काय त्यात?"

"मावशी, बाई गेल्यावरच तर पुस्तक सुरू होतंय," नजमा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "उद्या परत करून टाकते. घरी वाचून काय करू? मला ऐकणारं कुणी असल्याबिगर वाचताच येत न्हाई आता."

त्या रात्री नुमानला उत्तम भाकरी मिळाली. त्यानं मला नंतर सांगितलं, "भाऊ, घशाखाली उतरली नाही."

शुक्रवारी सकाळी सगळा प्लांट उभा होता. नजमा पुढं आली. वाचनालयात परत करायचं पुस्तक पिशवीत, पिशवी काखेला. तिनं सरळ सांगितलं, "अनुसया आपल्या कंपनीत नव्हती. ती मी वाचत होते त्या पुस्तकातली हाय. गैरसमज झाला, लोकांचा वेळ गेला, माफी असावी."

मोनिका मॅडम सुटकेचा निःश्वास टाकून पुढं होणार, तेवढ्यात मागून फोर्कलिफ्टवाल्याचा आवाज आला.

"मग व्हती कुठली?"

"तो प्रश्न नाहीये आता," मॅडम म्हणाल्या.

"प्रश्न कसा न्हाई? टोपी काढून हुबा ऱ्हायलो मी. कुनासाटी, ते कळाया नको?"

"बरोबर आहे!" पेंटशॉपकडून कुणीतरी. "आणि गेली कशानं?"

"पोराला कळवलं का न्हाई?"

"अरे पण तुला चकली दिली होती ना तिनं? तूच सांग!" यावर जरा हशा झाला, आणि चकलीवाला वायरींच्या रॅकमागं गेला. पण प्रश्न थांबेनात. मयताला जाऊन आलेल्या माणसाला हक्क असतो विचारायचा. हे सगळे जाऊन आले होते. दोन मिनिटं का होईना, अनुसया त्यांच्या घरची झाली होती.

प्लांटहेड साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, "ठीक आहे. थोडक्यात सांगून टाका."

नजमानं मान हलवली. "थोडक्यात न्हाई सांगता येत, साहेब."

आमच्या प्लांटमध्ये साहेबांना 'न्हाई' म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. वायर तोकडी पडली तर 'यात बसत नाही' असं सांगावं, तसं तिनं सांगितलं होतं. बायकांच्या रांगेत सरूबाईनं मान अशी ताठ केली, की जणू कौतुक तिच्याच लेकीचं चाललंय.

साहेबांनी घड्याळ बाहीखाली सरकवलं. मग म्हणाले, "पुस्तक आहे का जवळ?"

नजमानं पिशवीतून पुस्तक काढलं. अनुसया पोराला वाटेला लावते, ते पान उघडलं. आणि वाचायला लागली. माइक नाही, काही नाही. वर पत्र्याचं छप्पर, मधूनच कॉम्प्रेसरची घरघर, आणि तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचत होता. मीरासाहेबांच्या हॉटेलात स्टोव्हच्या आवाजावर मात करायला शिकलेली पोरगी ती, तिला कॉम्प्रेसरचं काय? अनुसया पोराच्या पिशवीत दशम्या भरते, तो घाई करतो, ती अजून एक घालते. पोरगा वळून बघेल म्हणून ती कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागं चालत जाते. इथं नजमानं पान उलटायला वेळ लावला. आणि आमच्या बसमधल्या आठ-दहा नव्हे, अख्ख्या प्लांटमधून दबका आवाज आला, "उलटा की!"

तेवढ्यात भोंगा झाला.

कुणी हललं नाही. सुपरवायझरही नाही. नजमानं मात्र वाक्य पुरं केलं, बोट घालून पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "भोंगा झाला. कामाला चला." एवढे जण नाखुशीनं पांगताना मी प्रथमच पाहिले. शाळा सुटायच्या ऐवजी भरली, असे चेहरे होते.

नजमाला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. सरूबाई चहा घेऊन पाठोपाठ आत शिरली. कुणी चहा मागवला नव्हता. त्यामुळे आत काय झालं ते सगळ्या कंपनीला कळलं.

मोनिका मॅडम म्हणाल्या, "नजमाताई, बसमधलं वाचन चालू ठेवा. फक्त गेट यायच्या आधी जरा सावरून घ्या सगळ्यांना. आणि माझ्या मनात आलंय, आठवड्यातून एकदा कँटीनमध्येही वाचा. लोक जेवत असतात, तेवढाच वेळ. काहीतरी हलकंफुलकं, उत्साह वाढवणारं घ्या हवं तर."

"वाचीन की, म्याडम. पण दोन गोष्टी हायत."

"बोला."

"पुस्तक मी निवडीन."

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. "आणि दुसरी?"

"जेवताना न्हाई वाचणार. सगळ्यांची ताटं उचलून झाली की वाचीन. भरल्या ताटावर माणसाला रडवू न्हाई."

"आन् गुलाबजाम?" सरूबाईनं कप ठेवता ठेवता विचारलं.

गुलाबजामही मंजूर झाले. दोघी निघाल्या. नजमा दारापर्यंत पोचली, तेव्हा साहेब खुर्चीतून अर्धवट उठले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, एक विचारायचं होतं. तो मुलगा शेवटी परत येतो का हो?"

नजमानं एवढ्या मोठ्या साहेबांकडे पाहिलं. मीरासाहेबांची लेक ती, गिऱ्हाईक ओळखायला तिला वेळ लागत नाही.

"सोमवारी बसनं या, साहेब," ती म्हणाली. "तुमची गाडीबी त्याच ट्रॅफिकमंदी उभी असती."